हळू वाढणारा लिम्फोमा आणि इराणचे शहा: पुढचं किती सांगता येतं?

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर हळू वाढणारा लिम्फोमा असं निदान आलं असेल, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: किती वर्षं? हा प्रश्न विचारण्यात काही चूक नाही. पण त्याचं उत्तर कसं तयार होतं, त्यावर किती विसंबायचं आणि ते कुणाकुणाला कळायला हवं, हेही समजून घ्यायला हवं. त्यासाठी आज एका रुग्णाची गोष्ट सांगतो. हा रुग्ण जगातल्या सर्वांत श्रीमंत आणि बलाढ्य राज्यकर्त्यांपैकी एक होता. त्याला त्या काळातले उत्तम डॉक्टर मिळाले आणि आजाराबद्दलचा पहिला अंदाज बराचसा बरोबरही ठरला. तरीही शेवट व्हायला नको तसा झाला.

हा रुग्ण म्हणजे इराणचे शेवटचे शहा, मोहम्मद रझा पहलवी.

राजपुत्र ते राजा

मोहम्मद रझा यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९१९ रोजी तेहरानमध्ये झाला. वडील रझा खान लष्करी अधिकारी होते. १९२५ मध्ये ते इराणचे शहा झाले आणि सहा वर्षांचा मुलगा युवराज झाला. शिक्षणासाठी त्याला स्वित्झर्लंडला पाठवण्यात आलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाच्या फौजा इराणमध्ये शिरल्या, वडिलांना गादी सोडावी लागली आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी मोहम्मद रझा शहा झाले.

पुढची सदतीस वर्षं ते गादीवर होते. १९५३ मध्ये पंतप्रधान मोसद्देग यांच्याशी झालेल्या संघर्षात त्यांना काही दिवस देश सोडावा लागला, पण ते परतले. १९५९ मध्ये फराह दिबा यांच्याशी त्यांचं तिसरं लग्न झालं. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव अनेक पटींनी वाढले आणि इराणच्या तिजोरीत पैशाचा पूर आला. देशाला पुढच्या काही वर्षांत कुठे नेऊन ठेवायचं, याची मोठमोठी स्वप्नं ते मांडत होते. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पोटात डाव्या बाजूला, बरगडीखाली, एक फुगवटा हाताला लागू लागला.

प्लीहा वाढली होती

तो फुगवटा प्लीहेचा होता. आपल्याकडे जुनी माणसं तिला पाणथरी म्हणतात. निरोगी माणसाची प्लीहा साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमची असते आणि बरगड्यांआड लपलेली असल्याने हाताला लागत नाही. ती हाताला लागली, तर कारण शोधावंच लागतं. मलेरियासारखे संसर्ग, यकृताचे आजार आणि रक्ताचे आजार ही त्यातली मोठी कारणं.

मे १९७४ मध्ये पॅरिसहून दोन रक्तविकारतज्ज्ञ गुपचूप तेहरानला आले: प्राध्यापक जाँ बर्नार आणि त्यांचे सहकारी जॉर्ज फ्लांद्रँ. बर्नार हे त्या काळात फ्रान्समधलं रक्ताच्या कर्करोगातलं फार मोठं नाव. त्यांनी शहांना तपासलं, रक्त आणि अस्थिमज्जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी प्रमाणाबाहेर वाढल्या होत्या आणि रक्तात एक असामान्य प्रथिनही होतं. हा लिम्फोसाइट पेशींचा हळू वाढणारा कर्करोग होता. काही नोंदींत त्याला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया म्हटलं आहे, काहींत वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया. हे दोन्ही एकाच कुळातले संथ आजार आहेत.

शहांचे खासगी डॉक्टर, जनरल करीम अयादी, यांनी पाहुण्या डॉक्टरांना एक अट घातली: कर्करोग हा शब्द उच्चारायचा नाही. म्हणून शहांपुढे वाल्डेनस्ट्रॉम हे लांबलचक, सहसा कुणाच्या कानावर न पडणारं नाव ठेवलं गेलं.

तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. आमच्या केबिनबाहेर रोज कुणीतरी मुलगा किंवा सून हळूच सांगते की डॉक्टर, बाबांना काही सांगू नका, ते खचतील. यामागे माया असते, हे आम्हाला कळतं. शहांच्या बाबतीतही सुरुवात अशीच झाली. त्याचे परिणाम पुढे कसे होत गेले, ते पाहू.

तेव्हा काय अंदाज बांधता आला असता?

१९७४ मध्ये डॉक्टरांच्या हाती फारच थोडी साधनं होती. सीटी स्कॅन नुकता जन्माला आला होता. पेट स्कॅन, जनुकीय तपासण्या, पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या आजच्या चाचण्या, यांतलं काहीच नव्हतं. रक्ताच्या या आजाराचे टप्पे ठरवणारी राय यांची पद्धत १९७५ मध्ये आली. तोवर पेशींचं रूप, गाठी आणि प्लीहेचा आकार, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट यांवरून अनुभवी डॉक्टर अंदाज बांधत.

शहांचं वय तेव्हा ५४ होतं आणि तब्येत उत्तम होती. हा आजार काही आठवड्यांत जीव घेणारा नाही, त्याला काही वर्षं मिळतात, असा अंदाज त्या परिस्थितीत रास्त होता. सुरुवातीला उपचार न देता नुसतं लक्ष ठेवण्यात आलं. आजही हळू वाढणाऱ्या लिम्फोमात अनेकदा हेच केलं जातं. त्रास नसेल, रक्त कमी होत नसेल, गाठी मोठ्या नसतील, तर लगेच औषध सुरू केल्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. डॉक्टरांनी तूर्त थांबू असं म्हटलं, तर त्यांनी हात टेकले असा अर्थ तुम्ही काढू नका.

१९७५ च्या सुरुवातीला प्लीहा आणखी वाढली, तेव्हा क्लोरॅम्ब्युसिल या गोळ्या सुरू झाल्या. प्लीहा आकसली, रक्त सुधारलं. फ्लांद्रँ पुढच्या चार वर्षांत तीसहून अधिक वेळा गुपचूप तेहरानला गेले. शहा राज्यकारभार करत होते, परदेश दौरे करत होते, खेळत होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते आजारी वाटत नव्हते. इथवर अंदाज खरा ठरत होता.

एकच नाव, तीन वेगळ्या वाटा

त्याच काळातल्या आणखी दोन नेत्यांकडे पाहा. फ्रान्सचे अध्यक्ष जॉर्ज पोंपिदू यांनाही वाल्डेनस्ट्रॉमचाच आजार होता. बर्नार आणि फ्लांद्रँ तेहरानला जाण्याच्या महिनाभर आधी, २ एप्रिल १९७४ रोजी, पदावर असतानाच ते वारले. वय ६२. दुसरीकडे इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांना साठच्या दशकात लिम्फोमाचं निदान झालं होतं. त्यांनीही ते लपवून ठेवलं, पाच वर्षं पंतप्रधानपद सांभाळलं आणि डिसेंबर १९७८ मध्ये वयाच्या ८० व्या वर्षी त्या गेल्या.

जवळच्या नात्यातले आजार, पण तीन माणसांच्या वाट्याला तीन वेगळी आयुष्यं आली. म्हणून शेजारच्या काकांना हाच आजार होता आणि ते दोन वर्षांत गेले, किंवा मावशी वीस वर्षं ठणठणीत राहिल्या, यावरून स्वतःचं गणित मांडू नका.

आज अंदाज कसा बांधतात?

आज आम्ही एका डॉक्टरच्या अनुभवावर थांबत नाही. हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून कोणत्या गोष्टी असल्या की आजार लवकर बळावतो, हे शोधलं गेलं आहे. हळू वाढणाऱ्या लिम्फोमांत फॉलिक्युलर लिम्फोमा सर्वांत जास्त आढळतो. त्यासाठी २००४ मध्ये फ्लिपी नावाचा गुणांक प्रसिद्ध झाला. त्यात पाच गोष्टी पाहतात:

- वय ६० पेक्षा जास्त आहे का
- आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात आहे का
- हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी आहे का
- रक्तातलं एलडीएच वाढलेलं आहे का
- चारपेक्षा जास्त भागांत गाठी आहेत का

प्रत्येक हो ला एक गुण. शून्य किंवा एक गुण म्हणजे कमी धोका, दोन म्हणजे मध्यम, तीन किंवा जास्त म्हणजे अधिक धोका. मूळ अभ्यासात दहा वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण या तीन गटांत अनुक्रमे सुमारे ७१, ५१ आणि ३६ टक्के होतं.

हे आकडे वाचून घाबरण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. त्या अभ्यासातल्या रुग्णांचं निदान १९८५ ते १९९२ या काळात झालं होतं. रिट्युक्सिमॅब हे औषध तेव्हा वापरात नव्हतं. १९९७ नंतर ते आलं आणि चित्र बरंच सुधारलं. दुसरी गोष्ट, जास्त धोक्याच्या गटातलेही शंभरातले छत्तीस जण दहा वर्षांनी हयात होते. तुम्ही त्या छत्तिसांत आहात की बाकीच्या चौसष्टांत, हे गुणांक सांगू शकत नाही. तो गटाबद्दल बोलतो.

शहांना सांगितलेल्या वाल्डेनस्ट्रॉमसाठीही असा गुणांक आहे. त्यात वय ६५ पेक्षा जास्त असणं, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट कमी असणं, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि आयजीएम प्रथिन फार वाढलेलं असणं, या गोष्टी मोजतात.

आणखी एक महत्त्वाची खूण निदानाच्या दिवशी कळतच नाही. फॉलिक्युलर लिम्फोमात पहिल्या केमोथेरपीनंतर दोन वर्षांच्या आत आजार उलटला, तर पुढचा काळ अवघड जाण्याची शक्यता वाढते. असं साधारण पाचातल्या एका रुग्णाच्या बाबतीत घडतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी पाच वर्षांनी सुमारे ५० टक्के हयात होते, तर दोन वर्षं नीट गेलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के. म्हणजे अंदाज एकदाच बांधून फाइलला लावून ठेवायचा नसतो. प्रत्येक तपासणीनंतर तो बदलतो, आणि पुष्कळदा चांगल्या बाजूनेही बदलतो.

लपवण्याची किंमत

आता पुन्हा तेहरानला जाऊ. गुप्तता राखण्यासाठी क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या दुसऱ्याच एका औषधाच्या बाटलीत ठेवल्या जात. शहांच्या सेवकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाटली संपत आलेली पाहून त्याने इमानेइतबारे लेबलावर लिहिलेलं औषध आणून ठेवलं. काही काळ शहा भलत्याच गोळ्या घेत राहिले. प्लीहा पुन्हा वाढली आणि आजार अचानक का उसळला, या कोड्यात डॉक्टर पडले. कारण सापडेपर्यंत वेळ गेला. कुणाचीही वाईट बुद्धी नव्हती. फक्त खरी गोष्ट माहीत असलेला माणूस गोळ्यांजवळ नव्हता.

पत्नी फराह यांनाही तीन वर्षं काही माहीत नव्हतं. १९७७ मध्ये पॅरिसमध्ये डॉक्टरांनी त्यांची गुपचूप भेट घेऊन निदान सांगितलं, आणि तेही शहांना न कळवता. घरातली दोन माणसं एकच गोष्ट जाणत होती आणि काही काळ एकमेकांपासून लपवत होती. अशी घरं आम्ही पुष्कळ पाहतो.

१९७८ मध्ये इराणमध्ये आंदोलनं पेटली. शहांचे निर्णय त्या काळात डळमळीत का झाले, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. आजाराचा त्यात किती वाटा होता, हे ठरवणं आपलं काम नाही. १६ जानेवारी १९७९ रोजी त्यांनी देश सोडला तो कायमचाच.

आजाराने रूप बदललं

इजिप्त, मोरोक्को, मग बहामा. बहामामध्ये गळ्याच्या हाडाजवळ एक गाठ आली. फ्लांद्रँ तिथे पोचले. जुना संथ आजार आता वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात बदलला असावा, अशी त्यांना शंका आली. याला रूपांतर म्हणतात.

हळू वाढणाऱ्या लिम्फोमाच्या प्रत्येक रुग्णाने ही गोष्ट माहीत करून घ्यायला हवी. फॉलिक्युलर लिम्फोमात दरवर्षी शंभरातल्या साधारण दोन-तीन जणांच्या बाबतीत असं रूपांतर होतं. बहुतेकांच्या बाबतीत ते कधीच होत नाही. पण एखादी गाठ इतरांपेक्षा झपाट्याने वाढू लागली, विनाकारण ताप येऊ लागला, रात्री कपडे भिजतील इतका घाम येऊ लागला, वजन उतरू लागलं किंवा एलडीएच अचानक चढलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्या गाठीचा तुकडा काढून पुन्हा तपासावा लागतो. निदान बदललं की उपचारही बदलतात.

शहांना ही तपासणी वेळेवर आणि उघडपणे मिळाली नाही. बायोप्सी केली असती तर बातमी फुटली असती. जोरदार केमोथेरपी सुरू झाली, पण ती एका देशातून दुसऱ्या देशात फिरणाऱ्या, निर्वासित माणसाला. जूनमध्ये ते मेक्सिकोला गेले. तिथे ताप आणि कावीळ झाली. आधी मलेरियाचा विचार झाला. न्यूयॉर्कहून बोलावलेले डॉक्टर बेंजामिन कीन उष्ण प्रदेशातल्या आजारांचे तज्ज्ञ होते. ते आले तेव्हा रुग्णाला पाच वर्षांपासून कर्करोग आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

२२ ऑक्टोबर १९७९ च्या रात्री शहा न्यूयॉर्कला पोचले आणि खोट्या नावाने रुग्णालयात दाखल झाले. दोन दिवसांनी पित्ताशय काढण्यात आलं, पण पित्तनलिकेत एक खडा राहून गेला. मानेतल्या गाठीच्या तपासणीत वेगाने वाढणारा, मोठ्या पेशींचा लिम्फोमा निघाला. वाढलेली प्लीहा त्या वेळी काढली गेली नाही. ४ नोव्हेंबरला तेहरानमध्ये अमेरिकी वकिलात ताब्यात घेण्यात आली. त्यातले ५२ ओलीस ४४४ दिवस अडकून राहिले. शहांचं आजारपण आता जगाचं राजकारण झालं होतं.

शेवटचे महिने

डिसेंबरमध्ये टेक्सास, मग पनामा. प्लीहा काढायची हे ठरलं, पण कुणी आणि कुठे, यावर अमेरिकी आणि पनामाच्या डॉक्टरांचं एकमत होईना. आठवडे वाया गेले. अखेर मार्च १९८० मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी आसरा दिला. २८ मार्चला कैरोजवळच्या मादी इथल्या लष्करी रुग्णालयात मायकेल डिबेकी यांनी प्लीहा काढली. डिबेकी हृदयशस्त्रक्रियेसाठी जगभर प्रसिद्ध होते. प्लीहेचं वजन जवळजवळ दोन किलो भरलं, म्हणजे नेहमीच्या दहापट. या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाच्या टोकाला इजा झाली आणि पुढे पडद्याखाली पू साठत गेला. ताप येत राहिला. तो पू जूनच्या अखेरीस फ्रेंच शल्यविशारदाने काढला तेव्हा फार उशीर झाला होता. २७ जुलै १९८० रोजी, वयाच्या ६० व्या वर्षी, शहांचं निधन झालं. कैरोतल्या अल-रिफाई मशिदीत त्यांची कबर आहे.

निदानापासून मृत्यूपर्यंत सहा वर्षं गेली. त्यातली जवळजवळ पाच आजाराच्या स्वभावाला धरून शांतपणे गेली. शेवटच्या वर्षाचा हिशेब मात्र नुसत्या लिम्फोमाचा नाही. त्यात चुकीची बाटली आहे, राहिलेला खडा आहे, लांबलेली शस्त्रक्रिया आहे, साठलेला पू आहे, आणि कुणालाही पूर्ण चित्र न दिसण्याइतके बदललेले डॉक्टर आहेत. असल्या गोष्टी कोणत्याही गुणांकात मोजता येत नाहीत. पण त्यांतल्या बऱ्याच तुमच्या हातात असतात.

तुम्ही काय करू शकता?

- तुमच्या लिम्फोमाचं नेमकं नाव, टप्पा आणि गुणांक विचारा आणि एका वहीत लिहून ठेवा.
- किती वर्षं, असं विचारण्यासोबत हेही विचारा: माझ्यासारख्या रुग्णांचं साधारण काय होतं, सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट काय होऊ शकतं?
- आकडा ऐकलात तर तो कोणत्या काळातल्या रुग्णांचा आणि कोणत्या उपचारांचा आहे, हे विचारा.
- गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. घरातल्या किमान एका माणसाला त्यांची नावं आणि कारण माहीत असू द्या.
- सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा आणि कुठल्याही नव्या डॉक्टरकडे जाताना, साध्या तापासाठी जरी असलं, ती सोबत न्या.
- घरच्यांना वाटत असेल की रुग्णाला सांगू नये, तर आधी रुग्णालाच विचारा की त्याला किती जाणून घ्यायचं आहे. काहींना सगळं हवं असतं, काहींना थोडंच. तो निर्णय त्याचा आहे.

शहांकडे विमानं होती, पैसा होता, पॅरिस आणि न्यूयॉर्कचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे सहज असू शकते: आजाराबद्दल मोकळेपणाने बोलणारं घर, आणि सगळी कागदपत्रं पाहिलेला एक डॉक्टर. पुढच्या भेटीला जाल तेव्हा प्रश्न लिहून न्या, आणि शक्य असेल तर घरातलं एक माणूस सोबत न्या.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबद्दलचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या रक्तविकार किंवा कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.